आधी बाया कर्व्यांचं पुस्तक वाच

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लग्न ठरल्याचं वाचून आनंद झाला, पण शेवटच्या परिच्छेदात तू जे विचारलं आहेस, त्याचंच उत्तर आधी लिहायला घेतलंय. शाळेसाठी दिवसाचे चोवीस तास पुरत नाहीत, मग घरात आणलेल्या माणसाला आपण काय देणार? आणि पुढे लिहिलंस, 'अण्णासाहेब कर्व्यांना हे जमलं, मला जमेल का?'

अण्णांचं, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं, नाव तू काढलंस ते बरं झालं. १८ एप्रिल १८५८ ला शेरवलीत जन्म, ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात निधन. १०४ वर्षांचं आयुष्य. भाषणांत हा आकडा फार मिरवला जातो. मला त्याहून मोठा वाटतो तो १९१४ नंतरचा काळ. त्या वर्षी फर्ग्युसन कॉलेजातलं गणिताचं अध्यापन थांबवून ते निवृत्त झाले, वय ५६. त्यानंतर ते ४८ वर्षं जगले आणि आज आपण ज्याला कर्व्यांचं कार्य म्हणतो त्यातलं कितीतरी याच काळातलं आहे. महिला विद्यापीठ १९१६ चं. त्याला मिळालेली उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी १९२० ची. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढलं तेव्हा ते ७८ वर्षांचे होते आणि त्यासाठी स्वतः घरोघर फिरून वर्गणी गोळा करत होते. तेव्हा निवृत्तीचं वय आलं की सगळं संपलं, असं मनात ठेवून आताच धावत सुटू नकोस. शिक्षकाला वेळ असतो. तू तीस वर्षांचं काम तीन वर्षांत उरकायला बघतोयस, तुझ्या दमण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

आता संसाराचं. १८९१ मध्ये अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. पदरी मुलगा रघुनाथ होता. त्या काळी तिशीतल्या बिजवराला बारा वर्षांची मुलगी सहज मिळायची, समाजाला त्यात काही गैर वाटत नसे. अण्णांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण, लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेतल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. लग्नानंतर अण्णांचं गाव मुरुड उलटलं. गावाने बैठक घेऊन बहिष्कार घातला, आणि कर्व्यांना घरात घेईल त्यालाही वाळीत टाकू असं ठरवलं. सख्ख्या आईच्या घरी मुलाला उतरता येईना. याची किंमत दोघांनी मोजली, पण बाईमाणसाच्या वाट्याला टोमणे जास्त येतात, हे तुला मी सांगायला नको.

या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई. लोक त्यांना बाया म्हणत. १८९६ मध्ये अण्णांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. आज जिथे कर्वेनगरच्या रस्त्यावर तासन्‌तास गाड्या अडकतात, तिथे तेव्हा माळ होता आणि त्यावर एक झोपडी. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचं, मुलींना शिकवायचं, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी परत शहरात. पावसाळ्यात सगळी वाट चिखलाची. लागणारं सामानही कित्येकदा स्वतःच वाहून न्यायचं. हे चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण तू त्या वेळचं शहरातलं घरही डोळ्यांसमोर आण. नवरा रात्री घरी नाही. मुलं लहान. नातलगांचं येणंजाणं बहिष्कारामुळे आटलेलं. शिल्लक होती ती आश्रमाला दिलेली, विम्याची रक्कमही आश्रमाच्याच पदरात टाकलेली. उद्या यांना काही झालं तर मुलांना घेऊन मी कुठे जाऊ, हा प्रश्न त्या घरात बाया विचारत होत्या, आणि तो अगदी रास्त होता.

आणखी एक गोष्ट मला फार बोचते. सनातनी घरांनीही आपल्या विधवा मुली विश्वासाने आश्रमात पाठवाव्यात, म्हणून अण्णांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. धोरण म्हणून ते शहाणपणाचं होतं. त्यामुळेच आश्रम टिकला. पण मग स्वतः पुनर्विवाह केलेल्या पत्नीला त्या आश्रमात जागा कुठली? बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले तिथे येऊन संस्थेचा आधारस्तंभ झाल्या, आणि बाया मात्र कितीतरी काळ उंबऱ्यावर. अण्णांनी बायांवर अन्याय करायचा म्हणून केला नाही. कामापुढे घरातलं माणूस आपसूक समजून घेईल, असं त्यांनी गृहीत धरलं. चांगली माणसं नेमकं हेच करतात. तुझ्याही हातून हेच होईल, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तरीही मी त्यांना एकनिष्ठ पती म्हणतो. ज्या समाजात विधवेची सावली नको होती, तिथे त्यांनी बायांचा हात उजळ माथ्याने धरला आणि ५७ वर्षं धरून ठेवला. गावाने माफी मागायला सांगितली असती तरी त्यांनी मागितली नसती. बायाही नुसत्या सोसत बसल्या नाहीत. भांडल्या, स्वतःचं मत ठेवलं, संसार तुटपुंज्या पैशांत ओढला, आणि पुढे सगळं लिहूनही काढलं. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र. नवरा महर्षी म्हणून गाजलेला असताना त्याच्याविषयीची तक्रार इतक्या सरळ मराठीत छापायला धाडस लागतं. नवऱ्याला ते ऐकून घ्यावं लागतं, आणि अण्णांनी ते ऐकून घेतलं, हेही मला कमी वाटत नाही.

बाया १९५० मध्ये गेल्या. अण्णा तेव्हा ९२ वर्षांचे होते. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत शताब्दीचा मोठा समारंभ झाला, टपाल तिकीट निघालं. त्या सत्कारांत शेजारची खुर्ची ज्यांची होती त्या बाया राहिल्या नव्हत्या. मला तर भारतरत्न दोघांना मिळून द्यायला हवं होतं असंच वाटतं.

आता तुझ्यापुरतं. शाळेसाठी स्वतःच्या पगारातून खर्च करतोस ते मला माहीत आहे. बंद करू नकोस. पण लग्नानंतर त्यातला एक रुपयाही तिच्या माघारी द्यायचा नाही. महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी समोरासमोर बसून शाळेचं किती आणि घराचं किती ते ठरवा, आणि घराचा आकडा आधी लिहा. विमा, पीएफ, बँकेची खाती, सगळीकडे तिचं नामनिर्देशन लग्नाच्या पहिल्याच महिन्यात करून टाक. शिष्यवृत्तीच्या मुलांचे जादा तास संध्याकाळी घेतोस, तर आठवड्यातले कुठले दिवस घरी उशीर होणार ते आधी सांगून ठेव आणि उरलेल्या दिवशी कोणी बोलावलं तरी जाऊ नकोस. ती बँकेत नोकरी करते ना? मार्चअखेरीला तिलाही रात्र होणार. त्या दिवसांत स्वयंपाक तुझा. वरणभात येत नसेल तर आईकडून आताच शिकून घे.

आणि तिला तुझ्या शाळेत घेऊन जा. पाहुणी म्हणून स्टेजवर बसवू नकोस. वर्गात बसू दे, मुलांशी बोलू दे, तुझ्या शिकवण्यात तिला काय खटकतं ते विचार. तुझ्या कामात तिचं पाऊल असेल की नसेल, हे तिला ठरवू दे. बायांना ते सुरुवातीला ठरवता आलं नाही.

लग्नाला मी येतोच आहे. तोवर दोन्ही पुस्तकं मिळव. आधी 'माझे पुराण' वाच आणि मगच अण्णांचं 'आत्मवृत्त'. उलट क्रमाने वाचलंस तर तू आधीच अण्णांच्या बाजूचा होऊन बसशील. तुझं वाचून झालं की पुस्तक तिला दे, आणि कुठल्या पानावरून तुमचं वाजलं ते मला कळव.

तुझे,
सर