विमा बदलल्यावर एचएसएमधली जादा रक्कम: ठेवावी की काढून घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली परिस्थिती अशी आहे: अमेरिकेत न्यू जर्सीतील जुन्या नोकरीत तुमच्या यजमानांकडे हाय-डिडक्टिबल (म्हणजे ठरावीक मोठ्या रकमेपर्यंतचा खर्च आधी स्वतः करावा लागणारा) कौटुंबिक विमा होता आणि २०२५ ची संपूर्ण मर्यादा, म्हणजे ८,५५० डॉलर, त्यांनी मार्चच्या बोनसमधूनच एचएसएमध्ये, म्हणजे असा विमा असतानाच पैसे भरता येणाऱ्या वैद्यकीय खर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, भरली. १ जुलैपासून नव्या नोकरीमुळे सगळे कुटुंब पीपीओ योजनेत, म्हणजे एचएसए भरण्याची मुभा न देणाऱ्या नेहमीच्या विम्यात, आले. जानेवारीत तिथेही हाय-डिडक्टिबल योजना घेण्याचा विचार असल्याने जादा रक्कम खात्यातच ठेवून २०२६ च्या मर्यादेत धरावी का, असे तुम्ही विचारता. माझ्या मते ती काढून घ्यावी.

महिन्याच्या पहिल्या तारखेला कोणता विमा लागू होता, यावर त्या महिन्याची एचएसए भरण्याची पात्रता ठरते. तुम्ही जानेवारी ते जून असे सहा महिने पात्र होता, म्हणून मर्यादा निम्मी, ४,२७५ डॉलर, आणि उरलेले ४,२७५ जादा. (१ डिसेंबरला पात्र असणाऱ्यांना वर्षभराची मर्यादा मिळू शकते, मात्र त्यांना पुढचे पूर्ण वर्ष पात्र राहावे लागते, तुमची योजना जानेवारीत सुरू होणार असल्याने ही सवलत तुम्हाला लागू नाही.)

जादा रक्कम ठेवली तर २०२५ साठी तिच्यावर ६ टक्के, म्हणजे २५६.५० डॉलर, दंडकर भरावा लागेल आणि २०२६ च्या ८,७५० डॉलरच्या मर्यादेतला तेवढा भाग आधीच संपेल. ठेवा किंवा काढा, २०२५ मध्ये ती करपात्र उत्पन्नात धरली जाणारच आहे. उलट ती आता काढून, पात्र झाल्यावर तेच पैसे २०२६ चा भरणा म्हणून पुन्हा भरले, तर दंडकराशिवाय तुम्ही त्याच जागी पोहोचता. शिवाय एखादी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण समोर आले आणि पीपीओच सोयीची ठरली, तर जादा रक्कम खात्यात असेपर्यंत हा ६ टक्के कर दरवर्षी लागेल. कुटुंबाचा विमा उपचारांची गरज पाहून निवडावा. खात्यातली चूक जिरवण्यासाठी तो निवडणे मला अजिबात पटत नाही.

पैसे काढताना मात्र साधी उचल करू नका, कारण वैद्यकीय कारणाशिवाय केलेल्या उचलीवर आयकर आणि वर २० टक्के दंड लागतो. खाते सांभाळणाऱ्या संस्थेकडे 'जादा भरणा परत' मागणारा अर्ज द्या. जादा रकमेवर खात्यात मिळालेली कमाईही सोबत काढावी लागते आणि ती काढलेल्या वर्षाचे उत्पन्न ठरते. हे १५ एप्रिल २०२६ पूर्वी उरका. न्यू जर्सी राज्य एचएसएची करसवलत मानत नाही, त्यामुळे राज्याच्या विवरणपत्रात हीच मूळ रक्कम दुसऱ्यांदा उत्पन्नात धरली जाणार नाही, हे तुमच्या सीपीएंकडून (हिशेबनीस-करसल्लागारांकडून) पाहून घ्या. खात्यातली बाकीची रक्कम पीपीओत असतानाही पात्र वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त वापरता येते.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही. नव्या कंपनीत रुजू होताना यजमानांनी नेहमीचे वैद्यकीय एफएसए (पगारातून वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त रक्कम बाजूला ठेवण्याचे कंपनीमार्फतचे खाते) घेतले असेल आणि त्यातली शिल्लक २०२६ मध्ये पुढे ओढली गेली, तर हाय-डिडक्टिबल योजना घेऊनही त्या वर्षी ते एचएसएसाठी अपात्र ठरतील. तुमच्या स्वतःच्या कंपनीतील एफएसएचाही, त्यातून त्यांचा खर्च भागू शकत असल्यामुळे, तोच परिणाम होतो. ती शिल्लक डिसेंबरअखेर खर्च करा किंवा फक्त दात आणि डोळ्यांपुरत्या मर्यादित एफएसएमध्ये वळवता येईल का, हे एचआरला विचारा, आणि त्यांचे उत्तर लेखी मिळेपर्यंत जानेवारीत एचएसएमध्ये काहीही भरू नका.