पहिलीच नोकरी, पण पीएफ खातं जुनं निघालं? आधी 'एक्झिट'ची (नोकरी सोडल्याची) तारीख बघा

तुम्ही लिहिलंय की लोकसभेत अर्थमंत्र्यांचं उत्तर ऐकलं, करकपातीचे आणि रोजगार योजनेचे आकडे ऐकून हुरूप आला, म्हणून गोव्यातल्या हरमलच्या हॉटेलात दोन मुलं नव्यानं घेतली. आता पीएफचं पोर्टल सांगतंय की त्यातल्या एकाचं पीएफ खातं आधीपासून आहे आणि जुन्या मालकाकडे तो अजून कामावर आहे. मुलगा शपथेवर सांगतो की ही त्याची पहिलीच नोकरी. तुमचा प्रश्न: योजना खरी आहे की नुसतं भाषण?

योजना खरी आहे. पण तुम्ही ज्या दगडाला ठेचकाळलात तो आमच्या ओळखीचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मी सीए नाही, वकीलही नाही. मांद्र्याला आमचं घरचं हॉटेल आहे, पगारपत्रक आणि पीएफ मी बघतो, तेवढ्याच अधिकारानं लिहितोय. नियम बदलतात, तेव्हा काही करण्याआधी तुमच्या सल्लागाराला विचारा. तुमचा पीएफ कोड (हॉटेलचा पीएफ नोंदणी क्रमांक) चालू आहे आणि चलन (दर महिन्याचा भरणा) वेळेवर जातं हे धरून चालतो.

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नोकऱ्यांसाठी आहे. एक भाग मुलाचा: पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. दुसरा भाग तुमचा: वाढवलेल्या प्रत्येक माणसामागे दोन वर्षं महिना कमाल ३,०००. पीएफचा पगार, म्हणजे ज्यावर पीएफ कापतात तो, १०,००० ते २०,००० च्या मधला असेल तर २,०००. आपल्याकडच्या वेटर, हाउसकीपिंगच्या पोरांना हाच टप्पा लागतो.

जुनं खातं निघालं म्हणजे मुलाचे पंधरा हजार बहुतेक गेले. तुमचा भाग त्यानं आपोआप जात नाही, तिथं तुमच्याकडची संख्या वाढली की नाही हे बघतात. पण पन्नासच्या आत माणसं असलेल्याला किमान दोन वाढवावे लागतात आणि सहा महिने टिकवावे लागतात. तुम्ही घेतलेत नेमके दोन. एक अडकला की दुसराही लटकतो. आमचं इथंच फाटलं होतं.

२०२० साली आत्मनिर्भर भारत रोजगार योजना आली, १ ऑक्टोबरपासून लागू. पंधरा हजारांच्या आत पगार असलेल्या नव्या माणसाचा पीएफचा मालकाचा आणि कामगाराचा असा दोन्ही हिस्सा, म्हणजे पगाराच्या २४ टक्के, सरकार दोन वर्षं भरणार. बारा हजारांच्या पगारावर महिन्याला २,८८० रुपये, त्यातले निम्मे त्या पोराच्या हातात वाचणारे. कोविडमुळे धंदा झोपलेला असताना हे थोडं नव्हतं. अट आताच्यासारखीच, सप्टेंबर २०२० च्या संख्येवर किमान दोन माणसं वाढवायची. त्या सिझनला आम्ही दोघे घेतले. एक किचन हेल्पर, त्याची खरंच पहिली नोकरी. दुसरा स्टुअर्ड (वाढपी), एका मोठ्या हॉटेलातून लॉकडाऊनमध्ये मे महिन्यात कमी केलेला. मार्च ते सप्टेंबर २०२० मध्ये नोकरी गेलेल्यांनाही योजना लागू होती, त्यामुळे दोघेही चपखल बसत होते.

बसत होते कागदावर. त्या मोठ्या हॉटेलच्या एचआरनं (नाव लिहीत नाही, विचारूही नका) स्टुअर्डचा राहिलेला हिशेब ऑक्टोबरच्या चलनात दाखवला आणि नोकरी सोडल्याची तारीखही ऑक्टोबरचीच टाकली. प्रत्यक्षात मे महिन्यात घरी बसवलेला माणूस कागदोपत्री ऑक्टोबरपर्यंत कामावर! म्हणजे योजनेच्या मुदतीबाहेर. तो बाहेर गेल्यावर आमची वाढ एकाच माणसाची उरली, आणि ज्या किचन हेल्परचा यात काडीचा संबंध नव्हता त्याचाही लाभ बुडाला.

तारीख दुरुस्त करायला तेव्हा कामगार आणि जुना मालक दोघांच्या सहीचं जॉइंट डिक्लरेशन लागायचं. स्टुअर्डनं सही करून अर्ज नेऊन दिला. रिसेप्शनवरच्या बाईंनी तो घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत, का तर 'आमच्याकडे शिक्का नाही'. एचआरचे साहेब म्हणाले, हे हेड ऑफिस करतं. हेड ऑफिस परराज्यात. तिथून मेल आला की विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे, आणि तो संबंधित विभाग म्हणजे पुन्हा इथलाच एचआर. मला सर्वात जास्त राग याचा आला की कोणी 'नाही' म्हटलंच नाही. नाही म्हटलं असतं तर आम्ही तेव्हाच तिसरा माणूस घेऊन अट पुरी केली असती. ३१ मार्च २०२२ ला नोंदणी बंद झाली आणि अर्ज त्यांच्या कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहिला. स्टुअर्ड आता पणजीला एका क्रूझवर आहे, भेटला की अजून त्या एचआरच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणून संसदेतली भाषणं ऐकताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. सरकार कुठलंही असो, बचाव एकाच साच्याचा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच योजना, ४.१ कोटी तरुण, २ लाख कोटींची तरतूद. काँग्रेसचे चिदंबरम म्हणाले, ही कल्पना आमच्या जाहीरनाम्यातली. मग १ जुलै २०२५ ला मंत्रिमंडळानं आताची ही योजना मंजूर केली तेव्हा आकडा ९९,४४६ कोटी आणि साडेतीन कोटी नोकऱ्या. एकमेकांच्या आकड्यांवर दोन्ही बाजू तुटून पडतात, पण जुन्या मालकानं तारीख चुकवली तर दाद कुणाकडे मागायची, हे कुठल्याच बाकावरून ऐकू येत नाही.

नोकऱ्या वाढल्याचा पुरावा म्हणून सरकार पीएफच्या नव्या सदस्यांची संख्या पुढे करतं. आता तुमचा मुलगा बघा. कुठल्यातरी केटरिंग कॉन्ट्रॅक्टरनं लग्नाच्या हंगामात त्याचं आधार घेऊन खातं उघडलं असणार, त्याला पत्ताही नाही. त्या महिन्याच्या आकड्यात तो 'नवा सदस्य' म्हणून मोजून झालाय. आज खरी नोकरी लागली, तर तो नवा नाही! सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मधल्या ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला हेही सांगतात. त्याच सर्वेक्षणात गोव्याचा दर ८.५ होता, त्यावर आपल्याकडे काय गदारोळ झाला ते आठवत असेल.

करांचंही तसंच. कंपनी कराचा दर २२ टक्क्यांवर आणला ती घोषणा २० सप्टेंबर २०१९ ला आपल्या पणजीतच झाली. १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला, गुंतवणूक येईल, रोजगार येईल असा युक्तिवाद होता. ती सवलत कंपन्यांना. आमची भागीदारी फर्म, आम्ही तेव्हाही ३० टक्के भरत होतो, आताही भरतो. किनारपट्टीवरची किती हॉटेलं कंपनीच्या नावावर आहेत? हे माझं मत, कुणाला पटणार नाही तर सोडून द्या. नव्या रोजगार योजनेतही कारखान्यांना लाभ चार वर्षं आणि आपल्याला दोन. गोव्यात पोरांना कामाला घेतं कोण, हे दिल्लीत कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

असो. तुम्ही आता काय करायचं ते.

मुलाला त्याच्या स्वतःच्या लॉगिननं पीएफच्या साइटवरची सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. मालकाचं नाव, रुजू तारीख, सोडल्याची तारीख. सोडल्याची तारीख कोरी असेल आणि शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले असतील, तर ती सदस्याला स्वतः टाकता येते, जुन्या मालकाच्या पाया पडायची गरज नाही. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. इथं अर्धी पोरं गळतात. सिम बदललेलं असतं, नंबर गावाकडच्या भावाच्या नावावर असतो. आधी तो नंबर दुरुस्त करून घ्या. तारीख मात्र शेवटच्या भरण्याच्या महिन्यातलीच टाकता येते, म्हणून भरणाच चुकीच्या महिन्यात झाला असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही (आमच्या स्टुअर्डचं हेच झालं). तसं असेल तर जॉइंट डिक्लरेशन, आता ते सदस्याच्या लॉगिनमधून ऑनलाइन करता येतं; कागदावर द्यावं लागलंच तर हातात न देता स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. सोबत पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आणि माझं ऐकाल तर तिसरा माणूस घ्या. शक्य असेल तर आजच. दोनावर अवलंबून राहू नका.

सिझनचं गणितही लक्षात ठेवा. तुमची मूळ संख्या योजनेआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून धरतात, म्हणजे पावसाळ्यातली रिकामी हॉटेलंही त्यात आली, हे आपल्या फायद्याचं. पण सहा महिने टिकवायची अट आपल्याला जाचते. नाताळच्या तोंडावर घेतलेला मुलगा शिगमो (होळीच्या सुमाराचा आपला उत्सव) झाला की गावी पळाला तर हिशेब फसतो. ऑक्टोबरात घ्या, मेपर्यंत सांभाळा, चतुर्थीच्या आधी बोलावून घ्या.

जीएसटीचं तुम्ही ओझरतं विचारलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर बाराऐवजी ५ टक्के झाला, गिऱ्हाईक खूश. पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय) गेलं. लाँड्रीचं कंत्राट, चादरी, एसी, सगळ्यावर भरलेला कर आता तुमच्या खर्चात. त्यामुळे 'करकपातीतून वाचलेल्या पैशांतून पगार देतो' असं ठरवलं असेल तर लाँड्रीचं बिल समोर ठेवून पुन्हा आकडेमोड करा.

तुमच्या हिशेबांचं टॅक्स ऑडिट होत असेल तर नव्या माणसांच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते, जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०जेजेएए. पगार महिना २५,००० च्या आत आणि वर्षात २४० दिवस काम हवं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा क्रमांक बदललाय, सीएला विचारून घ्या. बरेच सीए आपणहून सांगत नाहीत, का कोण जाणे.

त्या मुलाच्या हिस्टरीत सोडल्याच्या तारखेसमोर काय दिसतं आणि शेवटचा भरणा कुठल्या महिन्याचा आहे, एवढं इथं लिहा, मग पुढचं सांगता येईल. खाते क्रमांक किंवा आधारचा फोटो मात्र टाकू नका.