ऑडिओ इंटरफेसवर गेन किती ठेवायचा?

फोंड्याला घरी आरती रेकॉर्ड करताना गाणं ठीक येतं, पण घुमटावर (गोव्यातलं मातीचं चामडं बसवलेलं वाद्य) जोराची थाप पडली की आवाज फाटतो, असं तुम्ही लिहिलंय. गेन, म्हणजे इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) माइकचा आवाज किती वाढवतो ते, जास्त आहे. सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढून काही होणार नाही, फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येईल. इंटरफेसवरचाच नॉब कमी करा.

नॉब आधी पूर्ण खाली न्या. मग वादकाला आरतीचा शेवटचा, चढलेल्या लयीचा भाग वाजवायला सांगा. नुसती टिचकी मारून बघू नका, खरं वाजवू दे, आणि नॉब हळूहळू वाढवत जा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर सगळ्यात जोराची थाप उणे १२ डीबीच्या आसपास गेली की थांबा. एवढी जागा लागतेच, कारण रंगात आलेला माणूस चाचणीपेक्षा जोरातच वाजवतो, आणि मीटरच्या वरच्या टोकाला, शून्य डीबीला, लागलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.

पातळी कमी वाटते म्हणून घाबरू नका. १६ बिट रेकॉर्डिंगला सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डीबीचा पल्ला मिळतो, २४ बिटला कागदावर १४४. २४ बिटच निवडा, आवाज नंतर बिनधास्त वाढवता येतो.

गेनचा नॉब पूर्ण खाली असूनही इंटरफेसवर लाल दिवा लागला तर पॅड (येणारा आवाज कमी करणारं बटण) चालू करा किंवा माइक हातभर मागे घ्या. आणि घुमटाचं जे उघडं तोंड हाताने झाकत-उघडत वाजवतात, त्याच्या समोर माइक ठेवू नका. तिथून हवेचा धक्का थेट माइकवर येतो.