डन्जन्स अँड ड्रॅगन्स निर्मात्यांच्या हेतूप्रमाणे खेळले नाही तर ते चूक ठरते का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राच्या भूमिकेतून बोलत आणि फासे टाकत खेळायचा खेळ. त्यात आपल्या गटात लढाया क्वचितच होतात, बहुतेक वेळ पात्रांच्या बोलण्यात आणि वाटाघाटीत जातो, आणि नव्याने आलेल्या एका खेळाडूच्या मते हा ‘खरा’ खेळच नव्हे, असे आपण लिहिले आहे. मालवणात आमचा गट हाच खेळ खेळतो आणि खेळ चालवण्याचे काम माझ्याकडे असते. आमचाही खेळ पुस्तकाबरहुकूम नसतो, म्हणून उत्तर देत आहे.

निर्मात्यांचा हेतू मुळातच स्थिर राहिलेला नाही. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा लढाया ‘चेनमेल’ या आधीच्या युद्धखेळाच्या तक्त्यांवरून सोडवल्या जातील असे गृहीत धरलेले होते, आणि वीस बाजूंचा फासा टाकून वार लागला की नाही हे ठरवण्याची रीत केवळ पर्याय म्हणून दिलेली होती. खेळणाऱ्यांनी तो पर्यायच उचलला आणि आज तोच खेळाचा कणा मानला जातो. पुढे 1979 च्या मार्गदर्शक ग्रंथात एका सुवर्णनाण्यामागे साधारण एक अनुभवगुण (ज्यांवर पात्राची प्रगती होते) मिळे, तर ओर्क या साध्या राक्षसाला मारल्यास 10 गुण आणि त्याच्या प्रत्येक जीवनबिंदूमागे, म्हणजे मार सोसण्याच्या क्षमतेच्या एककामागे, एक गुण, एवढेच. साहजिकच ओर्कशी भिडण्यापेक्षा त्याला चकवून खजिना लांबवणे अधिक फायद्याचे होते. लढाई म्हणजेच खेळ, हे आपल्या नव्या खेळाडूचे मत त्या काळच्या मंडळींना बरेच उतावळे वाटले असते.

तरीही नियम बाजूला ठेवण्यापूर्वी त्याच्यावर काय काय अवलंबून आहे हे पाहिले पाहिजे. 2014 च्या आवृत्तीत दोन दीर्घ विश्रांतींच्या, म्हणजे शक्ती परत मिळवून देणाऱ्या रात्रीच्या झोपांच्या, मधल्या दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी पात्रांना झेपतील, असा हिशेब आहे. आपण दिवसाला एकच चकमक ठेवली, तर जादूगार आपले सगळे जबर मंत्र तिच्यातच उधळतो, रात्री झोपून ते परत मिळवतो, आणि दिवसभर न थकता तलवार चालवू शकणे हे ज्याचे बळ, त्या योद्ध्याला त्या बळाचा उपयोगच उरत नाही. यावर पुस्तकातच एक पर्यायी नियम आहे, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि दीर्घ विश्रांती सात दिवसांची होते. आमची पात्रे गलबतावरची असल्यामुळे आम्ही तो थोडा वाकवला आहे: गलबत बंदरात नांगरल्याशिवाय दीर्घ विश्रांती नाही. त्यामुळे पाच-सहा बैठकांत मिळून तीनच चकमकी झाल्या, तरी मंत्र जपून वापरावे लागतात.

बोलण्यात रमणे हा आमच्याकडे दोष मानला जात नाही, हेही सांगायला हवे. दशावतारी नाटकात आख्यान तेवढे ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. ते बघत वाढलेली माणसे फासा हातात असूनही आधी तोंडच चालवणार.

आता आपल्या नव्या खेळाडूविषयी. त्याचे पात्र कोणते आहे हे आपण लिहिलेले नाही. ते योद्ध्याचे असेल, तर त्याची तक्रार निर्मात्यांच्या हेतूविषयी नसून आपल्याला करण्यासारखे काही नाही याविषयी असण्याचा संभव अधिक आहे, कारण 2014 च्या आवृत्तीत योद्ध्याला मिळणारी कौशल्ये जवळजवळ सगळी लढाईचीच आहेत, आणि वाटाघाटीचे फासे मात्र वक्तृत्वात तरबेज असलेला भाट जिंकत राहतो. आमच्या गटात हेच होऊ लागले, तेव्हा मी योद्ध्याला गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, केले. खलाशी फक्त त्याचेच ऐकतात, आणि भाटाने बंदरावर कितीही गोड करार केला, तरी तांडेलाने मान हलवल्याशिवाय माल उतरत नाही.