समुद्रकाठचे पाच दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दोघे आणि आमची महाविद्यालयात शिकणारी दोन मुले उष्ण कटिबंधातील एका आलिशान रिसॉर्टमध्ये पाच दिवस राहणार आहोत. आम्हाला विश्रांती हवी आहे. मुलांना स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे), कयाक, पॅरासेलिंग आणि जवळच्या डोंगरावरची झिपलाइन असे सगळेच करायचे आहे. रिसॉर्टने सर्व उपक्रमांचे एकत्रित पॅकेज देऊ केले आहे. ते घ्यावे का, आणि दिवसांची आखणी कशी करावी?

उत्तर : पॅकेजला लगेच होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता उपक्रम कोणत्या दिवशी होणार, हे पॅकेजमध्ये बहुधा बोटींच्या आणि प्रशिक्षकांच्या सोयीने ठरते. पाच दिवसांच्या मुक्कामात मात्र सर्वांत जपण्याजोगी गोष्ट हा क्रमच आहे.

आधी स्कूबाचे दिवस निश्चित करा, कारण बाकीचे वेळापत्रक त्याभोवती बसवावे लागते. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे १० मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि श्वासावाटे गेलेला नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये नेहमीपेक्षा अधिक विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. पण तो पुरेसा निघून जाण्याआधीच माणूस कमी दाबाच्या ठिकाणी पोहोचला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्रास होऊ शकतो. विमान उडत असताना केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणूनच एका डाइव्हनंतर, म्हणजे स्कूबाच्या एका बुडीनंतर, किमान १२ तास, आणि एकापेक्षा अधिक डाइव्ह झाल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, अशी शिफारस आहे. सुटीवर असताना मी याला सरळ एक पूर्ण दिवस धरतो. विमानाची ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, डोंगराची मात्र लक्षात येत नाही. सकाळी डाइव्ह करून दुपारी गाडीने उंच डोंगरावर जाणे हेही त्याच कारणाने टाळायला हवे.

त्यामुळे तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो : पहिला दिवस प्रवासाचा शीण घालवण्यासाठी आणि समुद्र नुसता न्याहाळण्यासाठी, दुसरा आणि तिसरा स्कूबासाठी, चौथा कयाक व पॅरासेलिंगसाठी आणि झिपलाइन पाचव्या दिवशी. मुलांपैकी कोणाला सर्दी झाली असेल, तर त्याने स्कूबा सोडून द्यावे. बंद नाकाने कानातला दाब समतोल करता येत नाही, आणि कानाच्या पडद्याला इजा झाली तर उरलेली सुटी पाण्याबाहेरच जाते.

दिवसातली वेळही पाहावी लागते. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात, म्हणून कयाक आणि स्नॉर्केलिंग (मास्क व श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहणे) सकाळच्या निवांत पाण्यात करावे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर किनाऱ्याजवळचे पाणी फसवे शांत दिसते; अशा वेळी नवख्याने कयाक घेऊन निघू नये, कारण जाताना काहीच कष्ट पडत नाहीत आणि परतताना हात थकतात. रिसॉर्टसमोर प्रवाळखडकांनी वेढलेले उथळ पाणी असेल, तर ओहोटीत ते सारे पाणी खडकांमधल्या फटींतून जोराने बाहेर ओढले जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, ही ओढ सर्वांत जास्त असते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे काल ज्या वेळी पाणी सुरक्षित होते त्या वेळी आज ते तसे असेलच असे नाही. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहून हात वर करून मदत मागावी, किंवा किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे.

आता पॅकेजविषयी. खोलीचा थाट पाहून समुद्रातल्या व्यवस्थेविषयी अनुमान काढू नये. अनेक ठिकाणी साहसी उपक्रम बाहेरचा कंत्राटदार चालवतो आणि रिसॉर्ट केवळ नोंदणी करते. म्हणून अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती नवखे असतात, बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारा. ‘काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो उपक्रम सोडून द्या. प्रवासविम्यातून स्कूबा आणि पॅरासेलिंग वगळलेले असू शकते. ती कलमे निघण्यापूर्वीच वाचावीत.

आणि एक विनंती. मुले पाण्यात असतील त्या सकाळी तुम्ही दोघांनी सोबत म्हणून बोटीवर बसून राहू नका. मुले सज्ञान आहेत, आणि ही सुटी तुमच्या सहजीवनाची आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिला रक्तदाबासाठी गोळी चालू आहे आणि पोहता येत नाही, पण प्रवाळ पाहण्याची फार हौस आहे. तिने स्कूबा करावे का?

उत्तर : वयामुळे नकार देण्याचे कारण नाही. स्कूबापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात गोळीचा उल्लेख प्रामाणिकपणे करावा आणि डॉक्टरांची लेखी संमती घरूनच न्यावी. ‘लिहू नका, नाहीतर पाठवणार नाहीत’ असा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात मानू नये. तरीही मी आईंसाठी आधी स्नॉर्केलिंग निवडेन, कारण प्रवाळाचे सर्वांत उजळ रंग उथळ पाण्यातच दिसतात. खाली जावे तसा लाल रंग आधी नाहीसा होतो. त्यांना प्रथम कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मास्क आणि नळीतून श्वास घेण्याचा सराव करू द्या. पुढे लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असतानाच त्यांनी जावे. त्यांना मध्येच परतावेसे वाटले, तर कोणीही आग्रह धरू नये.

प्रश्न : सनस्क्रीनमुळे प्रवाळ मरतात, हे खरे आहे का?

उत्तर : ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायने प्रवाळांना अपायकारक असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे, आणि पलाऊ या बेटराष्ट्राने २०२० पासून व हवाईने २०२१ पासून त्यांवर निर्बंध घातले आहेत. प्रवाळांचे सर्वांत मोठे संकट तापणारा समुद्र हेच आहे. तरी आपल्या हातातले आपण करावे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला की पाठ झाकली जाते, आणि स्नॉर्केलिंगमध्ये सर्वाधिक भाजते ती पाठच. उरलेल्या उघड्या त्वचेला झिंक ऑक्साइडचे मलम पुरते.