चुंबळ नसलेली पाटी

प्रश्न : ताई, दीड वर्षापासून मी मोबाइलवर वाचायची चित्रकथा करतोय. नायिका रिक्षा चालवते. बारा भाग झाले. परवा पहिला भाग उघडून पाहिला आणि लाज वाटली. नाक वेगळं, उंची वेगळी, बाराव्या भागातली ती ही नव्हेच. सुरुवातीचे भाग पुन्हा काढावेत का? आणि सुरू करण्याआधी मी किती मसुदे करायला हवे होते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुन्हा काढू नका. ते दोन महिने तेराव्या भागाला द्या. पण ती का बदलली हे मात्र नीट बघा, कारण तिथे तुमच्या पुढच्या कामाचं बरंच काही सापडेल.

माझ्या चित्रकथेतल्या पारूमावशीचं सांगते. २०२० च्या टाळेबंदीत ती पहिल्यांदा कागदावर आली. बाजार बंद, मी घरात, हाताशी फक्त आठवण. त्या आठवणीतून उतरली ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली कोळीण. अंगभर दागिने, लुगड्याच्या काठाला बारीक चौकडी, डोक्यावर पाटी, कमरेवर हात. दिसायला छान होती, पण ती काही करत नव्हती, नुसती उभी होती. चेहऱ्याची चाळीसएक पानं मी भरली. त्यातलं आज काहीही वापरात नाही.

बाजार उघडल्यावर वही घेऊन माहीमच्या गोपी टँक मंडईत गेले. आई जिच्याकडून वर्षानुवर्षं बोंबील घेते, त्या मावशीला चित्र दाखवलं. तिनं हात पदराला पुसले, वही लांब धरली आणि म्हणाली, “चुंबळ कुठं हाय गो हिची? पाटी काय केसांवर ठेवली?”

जुन्या लुगड्याचा पिळा गोल वळून डोक्यावर ठेवतात ती चुंबळ. तिच्यावर पाटी बसते. मी ती काढलीच नव्हती. घरी येऊन काढली आणि अख्खी पारूमावशी बदलली. पाटी चार बोटं वर गेली म्हणून मान ताठ झाली. मान ताठ म्हणून हनुवटी किंचित आत गेली. आता खाली बघायचं तर मान वाकवायची सोय नाही, डोळेच फिरवायचे. मान न हलवता गिऱ्हाइकाकडे बघायची तिची ती नजर वाचकांना सगळ्यात जास्त आवडते. ती मी ठरवून आणली नव्हती, चुंबळीमुळे आली.

म्हणून मसुदे किती, यापेक्षा मसुद्यात ती काय करतेय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या नायिकेला उभी करून नाक शोधत बसू नका. तिला रिक्षात बसवा. डाव्या हातात क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर, समोर खड्डा, मागे सुटे नसलेला प्रवासी. संध्याकाळपर्यंत तिचा कुठला खांदा दुखायला लागतो? तो खांदा काढा. खांदा सापडला की मान सापडते, आणि मानेवर चेहरा आपोआप बसतो. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या स्टँडवर अर्धा तास उभं राहिलात तर हे सगळं समोर दिसेल.

दुसरी गोष्ट, आकृती पूर्ण काळी भरून बघा. आत डोळे नाहीत, कपडे नाहीत, फक्त छाया. मग ती अंगठ्याच्या नखाएवढी करा. तरी ओळखू आली पाहिजे, कारण वाचक तुम्हाला लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून वाचतोय. वेबटून कॅनव्हासवर, म्हणजे कुणालाही आपली चित्रकथा टाकता येते त्या अ‍ॅपवर, चित्र ८०० पिक्सेल रुंदीचं जातं. मी दुप्पट रुंदीवर काढते आणि मग लहान करते. लहान केल्यावर लुगड्याच्या काठावरची चौकडी नुसती करडी धूळ दिसायची, आणि ती भरायला दर भागाला तीन तास जायचे. सातव्या भागापासून काठाची एकच जाड रेघ ठेवली. एकाही वाचकाला फरक कळला नाही, माझा मात्र रविवार मोकळा झाला. जे पात्र आठवड्याला चाळीस वेळा काढायचं, त्याच्या अंगावरची प्रत्येक रेघ तुम्हाला चाळीस वेळा काढायची आहे.

बदलाची लाज तर बाळगूच नका. आर. के. लक्ष्मण यांच्या सुरुवातीच्या व्यंगचित्रांत सामान्य माणूस म्हणून वेगवेगळ्या प्रांतांतली बरीच माणसं असायची. ‘यू सेड इट’ हे त्यांचं रोजचं व्यंगचित्र १९५१ मध्ये सुरू झालं. रोजच्या घाईत ती गर्दी गळत गेली आणि चौकड्याच्या कोटातला, धोतरातला एकच माणूस उरला. आज तो वरळी सीफेसवर पुतळा होऊन उभा आहे. ‘पीनट्स’ या अमेरिकन चित्रमालिकेतला कुत्रा स्नूपीसुद्धा १९५० मध्ये चार पायांवर चालणारं साधं पिल्लू होतं. दोन पायांवर चालणं आणि मनातले विचार फुग्यात येणं नंतरचं. हे बदल रोज काढता काढता होत गेले.

चारी बाजूंनी पात्र दाखवणारा तक्ता नवी मंडळी सगळ्यात आधी करतात. माझ्या मते तो पाचव्या भागानंतर करावा. आधी केलात तर अजून ओळख न झालेल्या माणसाचा पुतळा घडवल्यासारखं होतं, आणि मग तुम्ही त्या तक्त्याचीच नक्कल करत राहता. पाच भागांनंतर ती हसते कशी, चिडली की हात कुठे जातात, हे तुमच्या बोटांना ठाऊक असतं.

एकच अपवाद. वाचकाला ती तीच आहे हे कळतच नसेल, किंवा काही चुकीचं काढलं असेल, तर तेवढंच दुरुस्त करा. मी पहिल्या भागातल्या तीन चौकटी पुन्हा काढल्या. तिन्हींमध्ये फक्त चुंबळ घातली. बाकीची ती बारीक, लांबट चेहऱ्याची पारूमावशी अजून तशीच आहे तिथे.

प्रश्न : माझे संवाद फुग्यात मावतच नाहीत. चित्र झालं की अक्षरं कोंबावी लागतात.
— एक वाचक, परळ

उत्तर : संवाद कच्च्या मसुद्यातच घाला, चित्राच्या आधी. इंग्रजी कॉमिकची मोठी अक्षरं सपाट ओळीत बसतात, म्हणून ते फुगे डोळ्यांसमोर ठेवून आपण आपले फुगे छोटे काढतो. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘कीं’ला धडकतो. दोन ओळींत मोकळी जागा सोडा आणि फुगा उंचीला वाढवा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक (फाँट) फुकट मिळतात. लांब बोलण्याला मुक्त, आरडाओरड्याला बालू, असं मी वापरते. तरीही मावत नसेल तर वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पारूमावशी “मी तुला सांगितलं होतं की आज पापलेट महाग आहे” असं म्हणायची. आता ती “पापलेट? आज नको” एवढंच म्हणते.

प्रश्न : जुने मसुदे ठेवावेत की टाकावेत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवा, आणि मागे तारखेबरोबर कारणही लिहा. माझ्या एका पानामागे लिहिलंय, ‘१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाटीत सुकट, पाटी हलकी, पावलं लांब.’ दर पावसाळ्यात ते पान मी बाहेर काढते. मंडईत काढलेली पानं बिस्किटांच्या डब्यात आहेत. त्यातल्या एकावर, पाटीच्या कडेशी, माशाचा एक खवला अजून चिकटलेला आहे.