गव्हाला युरिया भरपूर, दाणा मात्र बारीक

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या काळ्या जमिनीत गव्हाला भरपूर युरिया देऊनही पीक लोळते आणि दाणा बारीक राहतो. काय चुकते?

उत्तर : केवळ नत्र (युरियातून मिळणारे नायट्रोजन) वाढविल्याने पाला माजतो आणि ताटे कमकुवत होतात. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) व ४० किलो पालाश (पोटॅश) पुरेसे असून, निम्मे नत्र पेरणीबरोबर आणि उरलेले मुकुटमुळे (खोडाच्या बुंध्याशी येणारी मुळे) फुटताना, म्हणजे पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावे. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनीत वर फेकलेल्या युरियातील बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते (पैसा हवेत उधळण्यासारखेच हे!), म्हणून युरिया मातीआड करावा. जस्ताची कमतरता माती परीक्षणात आढळल्यास पेरणीपूर्वी झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे.